आरशासारखी छाती

ऑपरेशननंतर अठराव्या दिवशी माझ्या भावाच्या छातीतून पू आला. त्या दिवशी मला जो राग चढला तो अजून उतरलेला नाही. फक्त तो कुणावर आहे, हे मधल्या काळात बरंच बदललं.

मी न्हावी. बाजारातला नव्हे, हॉस्पिटलातला. हृदयाच्या विभागात तेवीस वर्षं झाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चारच्या सुमारास सिस्टर माझ्या हातात चिठ्ठी ठेवते. तिच्यावर खाटेचा नंबर असतो आणि पुढे 'पूर्ण तयारी'. म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंत सगळे केस काढायचे, कारण डॉक्टर छाती उघडतात आणि पायातली शीर काढून हृदयावर जोडतात. पेशंट आधीच घाबरलेला असतो. उद्या आपल्या छातीचं हाड करवतीने कापणार, हे त्याला ठाऊक असतं, आणि आजच एक माणूस पातं परजत येऊन उभा राहतो. म्हणून मी बडबड करतो. एका केसाळ, अगडबंब ठेकेदाराला मी म्हणालो होतो, "साहेब, तुम्हाला भादरायला मी एकटा पुरणार नाही, बागेतला माळी बोलवू का?" तो इतका हसला की छातीला चिकटवलेली वायर निघाली आणि यंत्र कोकलायला लागलं. सिस्टर धावत आली ती मलाच बोलायला.

मोठे साहेब, म्हणजे आमचे मुख्य सर्जन, पेशंट टेबलावर आला की बोटाची मागची बाजू त्याच्या छातीवरून फिरवत. कुठे काही टोचलं नाही तर म्हणत, "आरसा." एवढंच. मला आत जायची परवानगी नाही, पण कुणीतरी बाहेर येऊन सांगायचं, "काका, आजही आरसा." की झालं, मी दिवसभर जमिनीपासून चार बोटं वर. तेवीस वर्षांत माझं दुसरं कौतुक कुणी केलं असेल तर मला आठवत नाही.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते वस्ताद म्हणायचे, तुरटी झोंबली की समजावं हजामत मनासारखी झाली. आमच्या धंद्यात चूक ओळखायची खूण एकच, ती म्हणजे रक्त. रक्त दिसलं नाही म्हणजे कापलं नाही. ह्या दोन गोष्टींवर मी आयुष्य काढलं.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. शिंपी आहे. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो, आणि त्यानंतर माझा बाप, आई, हेडमास्तर सगळं तोच. मशीनवर बसल्या बसल्या त्याच्या छातीत कळा यायला लागल्या. तपासलं तर तीन नळ्या बंद. शहरात दुसरी दोन हॉस्पिटलं होती, वहिनींचा कल तिकडे होता. दादा म्हणाला, "धाकटा आहे ना तिथे. आणखी काय पाहिजे?" म्हणजे तो आमच्याकडे आला तो माझ्या भरवशावर. हे आधीच सांगून ठेवतो.

त्याची चिठ्ठी माझ्या हातात आली तेव्हा मी घरून माझा स्वतःचा वस्तरा आणला होता. नवं पातं घातलं. बाकीच्यांना मी एकदा सुलटा आणि एकदा उलटा हात फिरवतो. दादाला तीनदा फिरवला, तिसऱ्यांदा तर कातडं ताणून धरून, केसांच्या विरुद्ध. उद्या साहेबांचं बोट फिरणार ते माझ्या भावाच्या छातीवर. तुरटी लावली तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. मी म्हणालो, "झोंबतंय ना? झकास." आणि मला खरोखर आनंद झाला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, आरसा.

ऑपरेशन छान झालं. आठव्या दिवशी दादा घरी गेला. पंधराव्या दिवशी ताप आला, सतराव्या दिवशी टाक्यांच्या बाजूचं कातडं लाल होऊन टणटणीत झालं, आणि अठराव्या दिवशी तो खोकला तेव्हा वहिनींच्या पदरावर पिवळा पू उडाला. शिवाय छातीचं हाड आतून करकर वाजत होतं. मी त्याला उचलून आणला. त्याच संध्याकाळी छाती पुन्हा उघडली, हाड बांधलेल्या तारा काढल्या, सडलेलं खरवडून टाकलं आणि शिवली नाही. खोल जखमेत काळा स्पंज भरला, वरून प्लॅस्टिक चिकटवलं आणि त्याला नळी लावली. खाटेशी टांगलेलं एक यंत्र आतली घाण सतत ओढून घेतं. दर तीन दिवसांनी स्पंज बदलायचा. पहिल्यांदा बदलला तेव्हा मी तिथे होतो. स्पंज निघाला आणि तळाशी काहीतरी हलताना दिसलं. ते माझ्या भावाचं हृदय होतं. ते मी पाहायला नको होतं.

दादा यंत्राकडे बघून म्हणाला, "माझी शिवण आजवर कधी उसवली नाही. ह्यांना म्हणावं माझ्याकडे शिकायला या." हे बोलताना त्याचे ओठ पांढरे पडले होते.

वहिनी हसल्या नाहीत. त्या खोलीच्या दारात उभ्या राहून, जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भावजी, हे कुणामुळे झालं ते तुम्ही शोधून काढा. तुम्ही इथलेच आहात. मला नाव पाहिजे. त्याचे हात मोडून ठेवते की नाही बघा."

मी म्हणालो, "काढतो." आणि मनापासून म्हणालो.

मी चौकशा सुरू केल्या. राग आधी मोठ्या साहेबांवर गेला. ते आले, दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "शुगर आहे ना ह्यांना. मग असं होतं." बाजूच्या खोलीतल्या बाईलाही हेच झालं होतं. तिला शुगर नव्हती, तर ती जाड होती. त्यापलीकडचा बारीक होता, तर तो सिगारेट ओढायचा. चार महिन्यांत असे पाच जण, आणि पाचही जणांचं दुखणं त्यांच्या स्वतःच्याच करणीने. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. मग मी फरशी पुसणाऱ्यांशी भांडलो. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरला हातमोजे कधी बदललेस म्हणून विचारलं, ती रडली. हत्यारं उकळणाऱ्या माणसाची गचांडी धरली, तो माझा वीस वर्षांचा मित्र. आता तो माझ्याशी बोलत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलंय असं मी म्हणणार नाही.

आमच्याकडे एक बाई आहेत, जंतुसंसर्गावर लक्ष ठेवणाऱ्या. त्यांना सगळे साबणबाई म्हणतात, कारण डॉक्टर असो की झाडूवाला, त्या अडवून विचारतात, हात धुतले का? लोक त्यांना बघून जिना बदलतात. मी त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेलो. त्यांच्या खोलीत एक टेबल, एक फोन आणि भिंतीपर्यंत फायली. मी दहा मिनिटं तोंडाचा पट्टा सोडला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "काका, तुम्ही केस कसे काढता?"

मी सांगितलं. अभिमानाने सांगितलं. आदल्या संध्याकाळी, साबण लावून, वस्तऱ्याने, सुलटा-उलटा, वरून तुरटी. भावाला तर तीनदा, म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "वस्तऱ्यानं? अजून?"

"मग कशानं?"

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाल्या, "काका, वस्तरा कातड्यावरून फिरला की बारीक बारीक ओरखडे पडतात. रक्त येत नाही, डोळ्यांना दिसत नाहीत. तुरटी झोंबते ना, ती त्या ओरखड्यांत झोंबते. संध्याकाळपासून सकाळपर्यंत त्यात जंतू घर करतात. आणि सकाळी तिथूनच छाती उघडतात. आता सगळीकडे नियम आहे. शक्यतो केस काढायचेच नाहीत. काढायचेच असतील तर मशिननं, आणि ऑपरेशनच्या अगदी आधी. वस्तरा नाहीच."

"हे कधीपासून?"

"खूप वर्षं झाली. मी इथे सहा वर्षं आहे. चारदा लेखी दिलंय, मोठ्या साहेबांनासुद्धा. तुमच्यापर्यंत आलं नाही?"

माझ्यापर्यंत पगाराची चिठ्ठी आणि खाटेची चिठ्ठी सोडून कधी कुठला कागद आलेला नाही.

"म्हणजे दादाला मी…"

"मी तसं म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "शुगरनं होतं, जंतूचं औषध वेळेवर दिलं नाही तर होतं, आणखी दहा कारणं असतात. एकाचं कारण बोट ठेवून सांगता येत नाही. पण म्हणजे पाचही जणांना वस्तरा लागलाय, तोही आदल्या संध्याकाळी."

मी तिथेच सुटकेची वाट शोधली. म्हणालो, "हजारो लोकांना लावलाय मी. तेवीस वर्षं. आताच का पाच?"

त्यांनी फोनकडे बोट दाखवलं. "कारण आता मी मोजायला लागले. घरी गेलेला पेशंट म्हणजे बरा झालेला पेशंट, असं इथे धरायचे. जखम घरी गेल्यावर चिघळते. माणूस जवळच्या दवाखान्यात जातो, दुसऱ्या हॉस्पिटलात जातो. आपल्या कागदावर तो बराच राहतो. चार महिन्यांपासून मी प्रत्येकाला महिनाभरानं फोन करते."

"मग आधीचे किती असतील?"

"ते कुणालाच माहीत नाही, काका."

मी खुर्चीवरून उठलो. तेवीस वर्षांतली माणसं डोळ्यांसमोर यायला लागली. तो हसणारा ठेकेदारही आला. तो बरा होऊन घरी गेला होता. घरी गेला, एवढंच मला माहीत आहे.

आता सगळ्यांत वाईट गोष्ट. मशिनं आली होती. तीन वर्षांपूर्वी, चार नवी खोकी. भांडारातल्या माणसाने एक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, वरून आलंय, हे वापरायचं. मी एका पेशंटवर चालवलं. मशिनने केस मुळापासून जात नाहीत, खुंट राहतात. सकाळी साहेबांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे काय? ह्याच्या छातीला दाढी आलीय." सगळे हसले. मला निरोप आला की आपला वस्तराच बरा. आणि मी काय केलं? मी खूश झालो. माणसाच्या हाताची सर मशिनला कुठून येणार, मेंढरं भादरायला ठीक आहे, असं म्हणत मी स्वतःच्या हाताने ती खोकी कपाटात वर ठेवून दिली. मला मशिन दिलं, पण का दिलं ते सांगितलं नाही. एका वाक्याचं काम होतं. 'काका, वस्तऱ्यानं माणसं मरतात,' एवढं कुणी म्हटलं असतं तर मी तो वस्तरा गटारात फेकला असता. साहेबांना ते वाक्य माहीत होतं. त्यांना कळवलं होतं, चारदा, लेखी. तरी त्यांना आरसा पाहिजे होता.

तिसऱ्या दिवशी मला अधीक्षकांनी बोलावलं. तपासणीचं पथक येणार होतं आणि पाच पेशंटचं काहीतरी उत्तर तयार ठेवायचं होतं. टेबलाच्या पलीकडे अधीक्षक, मोठे साहेब आणि मेट्रन बसले होते. अलीकडे मी उभा. आयुष्यभर मी लोकांना पाणी लावून भादरलं, त्या दिवशी त्या तिघांनी माझी बिनपाण्यानं हजामत केली. नियम माहीत नाही? मशिन दिलेलं असताना वस्तरा? प्रशिक्षण घेतलं नाही? कसलं प्रशिक्षण, असं मी विचारलं, तर मेट्रन म्हणाल्या, उलटं बोलायचं नाही.

अधीक्षकांनी कागद पुढे सरकवला. केस काढणाऱ्या कर्मचाऱ्याने उपलब्ध साधनांचा वापर न केल्यामुळे, वगैरे. खाली सहीला जागा. "सही करा. तुम्हाला काढणार नाही, धोबीखान्यात बदली करू. आणि भावाची काळजी करू नका. त्यांची छाती साहेब स्वतः बंद करणार आहेत."

शेवटचं वाक्य त्यांनी गोड आवाजात म्हटलं. दादाची छाती उघडी होती आणि ती ज्यांच्या हातांनी बंद व्हायची ते हात टेबलावर समोरच होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण मी संन्यासी नव्हतो.

मी म्हणालो, "सही करतो. पण ह्याच कागदावर मशिनं कधी आली ते लिहा. बाईंनी चारदा लिहिलं त्याच्या तारखा लिहा. आणि मशिन नको असं कुणी म्हटलं ते लिहा."

साहेब पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत होते. "मी कधी तुला लेखी सांगितलं का, वस्तरा वापर म्हणून?"

"नाही साहेब. तुम्ही फक्त आरसा म्हणायचात."

"न्हाव्याचा उकिरडा आहे हा," अधीक्षक चिडून म्हणाले, "उकराल तितके केसच निघणार. सही करायची की नाही ते बोला."

मी केली नाही. भावाच्या जिवाशी खेळतोय हे कळत होतं, तरी हात पेनाकडे गेला नाही. बाहेर आलो. साडेतीन-चार वाजले असतील. वॉर्डात पोचतो तर सिस्टरने रोजच्यासारखी चिठ्ठी पुढे केली. खाट सहा, पूर्ण तयारी, संध्याकाळी पाच.

मी चिठ्ठी दोनदा वाचली. तासाभरापूर्वी ज्या वस्तऱ्याचा मला दोष देऊन झाला, तोच वस्तरा आज पाच वाजता खाट सहावर चालवायचा होता. कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना दोष कुणाचा ते ठरवायचं होतं. वस्तरा थांबवायचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. तेव्हा माझा राग कुठे जायचा तिथे एकदाचा पोचला. जाताना वाटेत मीही त्याला लागलो, ते वेगळं.

मी आधी दादाच्या खोलीत गेलो. वहिनी त्याला चमच्याने पाणी पाजत होत्या. मी दार लावून घेतलं आणि म्हणालो, "वहिनी, नाव मिळालं." मग सगळं सांगितलं. मशिनं, साहेब, चार पत्रं, आणि तीन वेळा फिरवलेला वस्तरा. दादा ऐकत होता. खाटेजवळचं यंत्र घुरघुरत होतं.

वहिनींनी चमचा ठेवला. मी हात पुढे करूनच उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. मोडले असते तर बरं झालं असतं.

दादा म्हणाला, "दुसऱ्यांदा फिरवलास तेव्हाच आग होत होती. तू इतका रंगात होतास, म्हटलं कशाला बोला."

"दादा…"

"आता माझ्या अंगाला तू हात लावायचा नाहीस." आवाज चढवला नाही. गिऱ्हाइकाला माप सांगावं तसं सांगितलं. "जा. तुझं काम असेल ना पाचला."

होतं. खाट सहावर एक टपालवाला होता, पन्नाशीचा, कपाळावर चिंतेचं जाळं. मी साबण-पाणी नेलं नाही, रिकाम्या हातांनी गेलो. स्टुलावर बसलो आणि त्याला सगळं सांगितलं, शेजारच्या खाटांना ऐकू जाईल असं. आज तुमचे केस काढणार नाही. उद्या सकाळी, ऑपरेशनच्या आधी, मशिनने काढीन. खुंट राहतील. कुणी वस्तरा आणला तर नको म्हणा. सिस्टर मला गप्प करायला आली आणि गप्प होऊन ऐकत उभी राहिली. टपालवाला म्हणाला, "म्हणजे पत्रं आली होती, पण वाटली नाहीत." मी म्हणालो, अगदी तसंच.

सकाळी कपाटातून खोकं काढलं, त्यावर तीन वर्षांची धूळ. साबणबाई स्वतः हजर होत्या. मशिनचं पातं नवं, एकदा वापरून फेकायचं. ऑपरेशनच्या खोलीबाहेर ढकलगाडीवरच मी त्याची छाती आणि पाय उरकले. साहेब आले, सवयीने बोट फिरवलं आणि थांबले.

"वस्तरा आण."

"वस्तरा नाही, साहेब."

"मग मीही हात लावणार नाही. हे असलं मला चालत नाही."

टपालवाल्याला झोपेचं औषध देऊन झालं होतं, जीभ जड पडली होती. त्याने गाडीवरून मान उचलली. "साहेब, मला चालतं. वस्तरा मला नको. मला सगळं माहीत आहे." मग आठवून आठवून म्हणाला, "आमच्या अख्ख्या वॉर्डाला माहीत आहे."

साहेबांनी साबणबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि हात धुवायला गेले. त्यांना ते पटलं, असं मला वाटत नाही. पण वॉर्डात बत्तीस खाटा होत्या.

माझी बदली झाली, धोबीखान्यात. कागदावर माझ्या सहीऐवजी 'सही करण्यास नकार' असं लिहिलं. साबणबाईंनी त्याच्या मागे आपली चार पत्रं टाचून तपासणी पथकाला दिली. त्याचं पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलेलं नाही. पथकं येतात आणि चहा पिऊन जातात. मी मात्र मधल्या सुट्टीत जुन्या पेशंटचे नंबर घेऊन बसतो आणि साबणबाईंच्या फोनवरून एकेकाला विचारतो, जखम कशी होती? आतापर्यंत अडुसष्ट जणांना विचारलं. अकरा जणांच्या घरच्यांनी फोन उचलला आणि सांगितलं की ते आता नाहीत. कशाने गेले, असं मी विचारतो. चौघांनी छातीची जखम म्हटलं. हसणाऱ्या ठेकेदाराचा नंबर लागत नाही.

दादाची छाती बंद करायचा दिवस चार आठवड्यांनी आला. पोटाजवळचा स्नायू फिरवून तो खड्डा भरायचा होता. साहेबच करणार होते. मी त्यांच्याकडे जाऊन हात जोडले नाहीत आणि त्यांनीही नाही म्हटलं नाही. मधल्या दिवसांत जखमेभोवती आणि पोटावर केस वाढले होते. माझ्या जागी अजून कुणाला नेमलं नव्हतं. सिस्टर धोबीखान्यात आली आणि म्हणाली, "काका, मला येत नाही ते. हात थरथरतो. उघड्या जखमेजवळ आहे."

मी गेलो. वहिनी पडद्याशी उभ्या होत्या. त्या आडव्या आल्या, "तुम्ही नाही, भावजी." आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

"मी आत येत नाही," मी म्हणालो. मशिन सिस्टरच्या हातात दिलं. "तुम्ही जा. मी इथून सांगतो."

ती आत गेली. पडदा ओढला गेला. बटण दाबल्याचा आवाज आला आणि मशिन गुणगुणायला लागलं. मी पडद्याला नाक लावून उभा राहिलो आणि सांगायला लागलो. दाबू नका. आडवं धरा. कातडं ताणू नका. जखमेपासून लांब सुरू करा आणि लांबच संपवा. खुंट राहिले तर राहू देत, परत फिरवू नका. माझा आवाज बसत चालला होता आणि पुढचं मलाच नीट ऐकू येईना.

आतून दादाचा आवाज आला. "सिस्टर, त्याला म्हणावं, मोठ्यानं बोल. मशिनमुळे काही कळत नाहीये."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी घसा खाकरला आणि मोठ्याने बोललो.